वादळाआधीचं स्टोअर: नव्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी

कोकणात वीज वितरण कंपनीच्या एका उपविभागात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा पावसाळी साहित्याची यादी करणं मला कारकुनी काम वाटायचं. पहिल्या वर्षी मी सरळ मागच्या वर्षीची यादी उतरवून काढली आणि सही करून पाठवली. त्याच वर्षी, ३ जून २०२० ला दुपारी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं.

दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमधले माड आणि पोफळी आडव्या झाल्या. माड तारेवर पडला की एकच खांब जात नाही. ताणलेली तार शेजारच्या दोन-चार खांबांनाही सोबत घेऊन जाते. आमच्याकडे खांब होते, ट्रकने आणखी येत होते. तरी तिसऱ्या दिवशी काम अडलं ते क्लॅम्पवर, म्हणजे खांबाला सामान आवळून धरणाऱ्या पट्ट्यांवर. आलेले खांब सिमेंटचे आणि स्टोअरमधले क्लॅम्प लोखंडी खांबांचे! यादीत नुसतं 'क्लॅम्प' असं लिहिलेलं होतं, तेही माझ्याच अक्षरात.

तेव्हापासून मी वस्तू मोजत नाही, उभे राहू शकणारे खांब मोजतो. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) साध्या खांबाला व्ही क्रॉस आर्म (तारा पेलणारा आडवा हात), खांबाच्या टोकावरचं टॉप फिटिंग, त्या खांबाच्या मापाचे क्लॅम्प, पिनांसह तीन पिन इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू न देणारे), नट-बोल्ट आणि अर्थिंगचं सामान लागतं. वळणावर किंवा लाइनच्या टोकाला स्टे सेट (खांब तोलून धरणारी तिरकी ताण-तार) आणि तारेचा ताण घेणारे डिस्क इन्सुलेटर वाढतात. हे सगळं एका पोत्यात भरून पोत्यावर खांबाचा प्रकार रंगाने लिहायचा. पन्नास खांब आणि तीस पोती असतील, तर तुमच्याकडे तीसच खांब आहेत.

तारांची नावं सुरुवातीला गंमतीची वाटतील: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. खार ते कुत्रा, जनावर मोठं तशी तार जाड. पण आपल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवर, कुठे कोणती तार आहे हे मे महिन्यातच चालत जाऊन बघा, कार्यालयातल्या नकाशावर जाऊ नका. माप चुकलं तर जोडायचे स्लीव्हही बसत नाहीत.

साहित्य किती, याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. आमच्याकडे घाट आणि खाड्या. एक झाड रस्त्यावर पडलं की तालुक्याच्या ठिकाणचं भरलेलं स्टोअर असून नसल्यासारखं. म्हणून थोडे खांब, तारेचं एक रीळ आणि निदान एक ट्रान्सफॉर्मर घाटाच्या खालच्या अंगाला, पाणी चढणार नाही अशा जागी ठेवायचा. त्याच्याबरोबर झाडं कापायची यंत्रं, कोयते, दोरखंड, चेनपुली. पहिले दोन दिवस आपण वीज कंपनी नसतो, लाकूडतोडे असतो. आणि जांभ्यात खड्डा मारायला पहारी हव्यात; ९ मीटरचा खांब दीड मीटर गाडावा लागतो, जांभा ते सहजासहजी होऊ देत नाही.

वीज गेल्यावर काय काय बंद पडतं, हे आपल्या खात्यातली माणसंच विसरतात. पेट्रोल पंप चालत नाही. बॅटरी उतरली की मोबाइल टॉवर गप्प होतो. ऑनलाइन मागणीपत्र निघत नाही. त्यामुळे डिझेल आधी भरून ठेवायचं, थोडी रोकड हाताशी ठेवायची, साठ्याची यादी कागदावर आणि पावतीपुस्तकात कार्बन घातलेला. ग्रामीण रुग्णालय, पाणीपुरवठ्याचे पंप, टॉवर कोणत्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या ठाण्यावर) आहेत तेही त्याच कागदावर लिहा; पहिला ट्रान्सफॉर्मर कुठे न्यायचा यावरून भर पावसात वाद घालायला वेळ नसतो.

सुरक्षेच्या सामानात मात्र काटकसर नको. हातमोजे फुगवून हवा जाते का ते बघायचं, बंद लाइन जमिनीला जोडायचा डिस्चार्ज रॉड प्रत्येक गँगला (कामगारांच्या तुकडीला) वेगळा. लाइन बंद केली तरी कुणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा वीज सोडत असतो.

बाहेरून आलेल्या गँगसाठी तांदूळ, डाळ, ताडपत्री आणि झोपायला शाळेची खोली हे माझ्या यादीत नव्हतंच. आमच्या एका जुन्या लाइनमननी दुसऱ्या वर्षी ते स्वतःच्या हाताने खाली लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ होती: 'साहेब, स्टोअरची दुसरी चावी.' पहिली ज्याच्याकडे असते, तो खाडीपलीकडे राहतो.