ड्वार्फ एंजलची जोडी: आधी खाऊ, मग पिल्लं

पुण्यात एंजल फिश म्हटलं की नव्वद टक्के लोकांच्या डोळ्यासमोर गोड्या पाण्यातला तो उंच पंखांचा मासा येतो, जो पानावर नाहीतर पाटीच्या तुकड्यावर अंडी घालतो आणि मग दोघं मिळून त्यांची राखण करतात. मी लिहितेय ते त्याच्याबद्दल नाही. हे समुद्रातले ड्वार्फ एंजल, म्हणजे सेंट्रोपायजी जातीचे, आपल्याकडे दुकानात कोरल ब्युटी, फ्लेम एंजल, कधीतरी चेरब या नावांनी मिळतात. चेरब जेमतेम 8 सेंटीमीटरचा, कोरल ब्युटी 10 च्या आसपास. हे अंडी उघड्या पाण्यात सोडतात आणि तिथून पुढे त्यांचा काही संबंध नसतो. घरटं नाही, राखण नाही. त्यामुळे गोड्या पाण्यातला अनुभव इथे फारसा कामाला येत नाही, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

मी कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीला. हॉलमध्ये चार फूट बाय दोन बाय दोनचा टँक आहे, साधारण साडेचारशे लिटर, खाली सम्प, म्हणजे फिल्टरची टाकी. समुद्र इथून दीडशे किलोमीटर लांब, त्यामुळे पाणी सगळं घरीच बनवायचं, आरओचं पाणी आणि मरीन सॉल्ट, ग्रॅव्हिटी (पाण्याची घनता, म्हणजे खारटपणाचं माप) 1.025 ला धरून ठेवायची. पुण्यात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, बाहेर 40 डिग्री झाले की टँक 30 च्या वर जायला लागतो, पंखे लावले की पाण्याचं तापमान उतरतं पण बाष्पीभवन इतकं की माझ्याकडे रोज चार-पाच लिटर आरओ टॉप-अप लागतं. टॉप-अप साध्या आरओ पाण्यानेच करायचं, मिठाच्या नाही, कारण वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. आणि लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप हवाच हवा. एक गोष्ट आधीच सांगते, खरे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे समुद्रातून काढलेलं कोरल किंवा कोरलचा दगड कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. माझ्याकडे सगळा सिरॅमिकचा दगड आहे, कपारी भरपूर, आणि माशांचं काही अडत नाही.

आता जोडीचं. हे सगळे मासे आधी मादी असतात. निसर्गात एक नर आणि त्याच्याभोवती दोन-चार माद्या असा कळप, नर गेला की त्यातली सगळ्यात मोठी, दादागिरी करणारी मादी काही आठवड्यांत नर होते. म्हणजे लिंग वयावर नाही, तर कोण कुणावर वरचढ आहे यावर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की जोडी लावणं सोपं आहे: दोन लहान मासे घ्यायचे, एक स्पष्ट मोठा, दुसरा स्पष्ट लहान. मोठा नर होईल, लहान मादी राहील.

मी पहिल्यांदा हे केलंच नाही. एका दुकानदाराने फ्लेम एंजलची 'गॅरंटी पेअर' म्हणून दोन मोठे, अगदी सारख्या आकाराचे मासे दिले आणि मी विश्वास ठेवला. दोघांच्याही मागच्या पंखांच्या कडेला निळ्या रेघा गडद होत्या, आता कळतं की फ्लेममध्ये ते बऱ्याचदा नराचं लक्षण असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनी एकमेकांचे ओठ धरले आणि सोडेनात, चौथ्या दिवशी एकाचा डोळा धुरकट झाला आणि त्या आठवड्यात तो गेला. मला फार लागलं ते. रीफवरून पकडून, बोटीतून, विमानातून, पिशव्यांतून एवढ्या लांब आलेला जीव माझ्या घाईमुळे गेला.

दुसऱ्या वेळी कोरल ब्युटी घेतले, एक साडेसहा सेंटीमीटर, एक चारच्या आसपास. दुकानात आधी डोळ्यादेखत खायला घालायला लावलं, कारण जो मासा खात नाही तो कितीही सुंदर असला तरी घ्यायचा नाही, काही ठिकाणी अजूनही सायनाइडने मासे पकडतात आणि असे मासे वरून ठीक दिसून नंतर हळूहळू खंगतात. मग क्वारंटाइन. ड्वार्फ एंजलना कॉपरची औषधं सोसत नाहीत बऱ्याचदा, म्हणून मी दर 72 तासांनी दुसऱ्या स्वच्छ टबात हलवायची पद्धत वापरली, पांढऱ्या ठिपक्यांचा किडा आपलं चक्र पुरं करायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. त्यानंतर धाकटीला मोठ्या टँकमध्ये आधी सोडलं, मोठ्याला आठवडाभर जाळीच्या डब्यात तिच्या शेजारी ठेवलं. डब्याजवळ येऊन ती अंग आडवं करून थरथरायची आणि बाजूला व्हायची, म्हणजे मान्य केलं. मग मोठ्याला सोडलं. दोन दिवस पाठलाग झाला, पण पंख फाटले नाहीत. पाठलाग चालतो, कोपऱ्यात कोंडून मारणं चालत नाही, तसं दिसलं तर लगेच वेगळं करा, 'होईल नीट' म्हणत बसू नका.

खाण्यात हयगय केली तर अंडी विसरा. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिना, दगडाला रबर बँडने बांधलेला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा, आणि रविवारी गणेश पेठेच्या मासळी बाजारातून आणलेली कोळंबी आणि तिसऱ्या, धुऊन, बारीक चिरून, आधी फ्रीझ करून. तिसऱ्या सुरू केल्यावर महिन्याभरात धाकटीचं पोट संध्याकाळी गोल दिसायला लागलं.

हे मासे अंडी घालतात सूर्य मावळताना. मी घरी येते आठ वाजता, म्हणून टायमर बदलला, दुपारी बाराला लाइट चालू, साडेआठपासून हळूहळू मंद, नऊला बंद. माशांनी दहा-बारा दिवसांत नवीन संध्याकाळ मानून घेतली. पहिल्यांदा बघितलं आईने. मी स्वयंपाकघरात होते आणि ती हॉलमधून म्हणाली, "अगं, लवकर ये, तो मोठा धाकटीच्या पोटाला तोंड घासतोय आणि दोघं वर वर चाललेत." जाऊन बघते तर खरंच, सगळे पंख ताठ करून नर तिच्या खाली, नाक तिच्या पोटाशी, दोघं तिरके होऊन सावकाश वर तरंगतायत, तीन-चारदा असं वर जाऊन परत खाली आले, आणि मग एकदा पृष्ठभागाच्या थोडं खाली एक झटका, पांढुरका धुरळा उडाल्यासारखा दिसला आणि दोघं सुसाट दगडात. आई म्हणाली, "झालं?" झालं. दोन सेकंदांत. तेव्हापासून जवळजवळ रोज रात्री होतं.

अंडी पाऊण मिलिमीटरची, पारदर्शक, आत तेलाचा एकच थेंब, त्यामुळे तरंगतात. झटका दिसला की लगेच पाणी हलवणारं स्किमर, रिटर्न पंप, वेव्हमेकर सगळं बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मोठ्या काचेच्या वाटीने वरचं पाणी अलगद काढायचं. जाळी लावू नका, अंडी चिरडतात. वाटी टॉर्चसमोर धरली की चमकतात ती चांगली, ती वेगळ्या बादलीत ठेवायची, दुधाळ होऊन खाली बसतात ती फळलेली नाहीत. माझी पहिली पंधरा-वीस दिवसांची अंडी जवळपास सगळी दुधाळच होती, नवीन जोडीचं तसं होतं, घाबरू नका.

26-27 डिग्रीला पंधरा-अठरा तासांत पिल्लं बाहेर येतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येईपर्यंत. पिल्लू कसलं, पारदर्शक केसाचा तुकडा, डोळे नाहीत, तोंड नाही, पिवळ्या बलकाला लटकलेलं. तिसऱ्या दिवशी डोळे काळे होतात, तोंड उघडतं आणि बलक संपलेला असतो. त्या दिवशी तोंडात मावेल असं जिवंत खाणं समोर तरंगत नसेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी बादली रिकामी. माझ्या तीन बॅचेस अशाच गेल्या, कारण मी क्लाउनफिशच्या सवयीने रोटिफर (पिल्लांना घालतात ते सूक्ष्म जीव) टाकत होते. क्लाउनचं पिल्लू जन्मताच मोठं तोंड घेऊन येतं, एंजलच्या पिल्लाला रोटिफर गिळवतच नाही.

त्याला लागतात कोपेपॉडची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कोळंबीच्या कुळातल्या सूक्ष्म जिवांची नुकती जन्मलेली पिल्लं, त्यातही पार्व्होकॅलॅनस नावाच्या बारीक जातीची. हवाईत समुद्री मासे वाढवणारे फ्रँक बेन्श यांनी 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्लेम एंजल वाढवून दाखवला तोही कोपेपॉडच्या अशाच बारीक पिल्लांवर, तोवर हे घरात काय, जवळपास कुठेच जमत नव्हतं. आणि पार्व्होकॅलॅनसला जिवंत शेवाळच लागतं, मी आयसोक्रायसिस वाढवते, बाल्कनीच्या खोलीत दोन लिटरच्या बाटल्या, ट्यूबलाइट, हवेची नळी. सोनेरी-तपकिरी रंग चढला की कोपेपॉडना घालायचं. एकच बाटली ठेवू नका, सहा ठेवा, मे महिन्यात माझ्या एका रात्रीत चार बाटल्यांतलं शेवाळ मेलं होतं.

म्हणून नवीन माणसाला माझा क्रम उलटा आहे. आधी सहा महिने शेवाळ आणि कोपेपॉड सांभाळून दाखवा, जमलं तर क्लाउनफिशची एक बॅच मोठी करा, आणि मग एंजलची जोडी आणा. क्लाउनचं आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बरंच काम केलंय. ज्यांना यातच करिअर करायचंय, बारावी सायन्सनंतर, त्यांच्यासाठी रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाला मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. माझा भाचा आता विचारतोय, त्याला मी सांगितलं की आधी महिनाभर माझ्या बाटल्या सांभाळ, मग फॉर्म भर.

बादली काळी, गोल, तीस लिटरची. हवा इतकी कमी की सेकंदाला एक-दोन बुडबुडे, पाणी शेवाळाने हलकं रंगलेलं, वरती तेलकट साय आली की टिश्यू पेपरने टिपायची, कारण पिल्लं तिला चिकटून मरतात. पिल्लं माशासारखी दिसून तळाशी उतरायला दोन-तीन महिने जातात, माझी आजवरची सगळ्यात पुढे गेलेली बॅच अठराव्या दिवसापर्यंत टिकली.

आत्ताच्या बॅचचा आज नववा दिवस. मघाशी टॉर्च मारला तर चाळीसेक काळे डोळे दिसले, एक जण शेपूट इंग्रजी एससारखी वळवून कोपेपॉडवर झेपावला आणि पोट केशरी दिसलं, म्हणजे खातायत.