ट्रॅक्टर घेताय? आधी बाजार वाचा

मजूर मिळेनात म्हणून मी ट्रॅक्टर घ्यायला निघालो. आधी अश्वशक्ती ठरवा. भारतात 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-4 प्रदूषण नियम लागू झाले, ती इंजिनं महागली. रोटाव्हेटरने माती भुसभुशीत करणं, फवारणी एवढंच काम असेल तर त्याखालचा पुरतो. कोटेशनमध्ये जीएसटी स्वतः वाचा: शेतीच्या ट्रॅक्टरवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झालाय.

अवजारांवर अनुदान हवं? महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करा, खरेदीची पूर्वसंमती हातात पडेपर्यंत पावती करू नका. आमच्या काकांनी घाई केली, अनुदान गेलं. फार जीवाला लागलं ते. वर्षात चारच दिवस लागणारं यंत्र मात्र भाड्यानंच आणा.