धार्मिक विधींशिवाय लग्न करताना: सातारा-सांगलीतील जोडप्यांसाठी

मुहूर्त, कन्यादान, सप्तपदी आणि हुंडा यांना नकार देऊन लग्न करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना आजही "आपल्यात असं चालत नाही" हे वाक्य ऐकावे लागते. ते याच मुलखात ऐकावे लागावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. महात्मा फुले यांच्या पूर्वजांचे कटगुण खटाव तालुक्यात आहे, सावित्रीबाईंचे नायगाव खंडाळा तालुक्यात आहे, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात या भागात कमी खर्चाची, साधी 'गांधी लग्ने' लागली आहेत. तेव्हा विधी नाकारणारे जोडपे या मातीला परके नाही. मात्र हा नकार कायद्याच्या कसोटीवर टिकायचा असेल, तर त्याची तयारी नीट करावी लागते.

पहिली काळजी कायद्याची घ्यावी. दोघेही हिंदू आहेत म्हणून, कोणताही विधी न करता, हिंदू विवाह कायद्याखाली नुसती नोंदणी करून घेण्याचा मोह टाळावा. विधीच झालेला नसेल तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने त्या कायद्याखालचा विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. विधी नको असणाऱ्यांसाठी 1954 चा विशेष विवाह कायदा हाच सरळ मार्ग आहे आणि त्यात दोघांचा धर्म किंवा जात आड येत नाही. मुलाचे वय 21 आणि मुलीचे 18 पूर्ण असावे लागते. दोघांपैकी किमान एकाने ज्या जिल्ह्यात लगतचे 30 दिवस वास्तव्य केले असेल, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. वयाचा व रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे आणि पूर्वी लग्न झालेले असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. नावांतील फरक आधीच दुरुस्त करून घ्यावेत.

ही नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि दुसरा जोडीदार कायमचा दुसऱ्या जिल्ह्यात राहणारा असेल तर तिची प्रत तेथेही लावली जाते. कराडचा मुलगा आणि वाळव्याची मुलगी असेल तर दोन्ही जिल्ह्यांत बातमी फुटू शकते, हे गृहीत धरूनच घरी कधी सांगायचे ते ठरवावे. त्यानंतरच्या 30 दिवसांत हरकत घेता येते, परंतु ती वय, हयात जोडीदार, संमती देण्याची मानसिक क्षमता किंवा निषिद्ध नाते अशा कायदेशीर कारणांवरच घेता येते. जात वेगळी आहे किंवा आईवडिलांना पसंत नाही, ही कारणे तेथे चालत नाहीत. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नवी नोटीस द्यावी लागते. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. भिन्नधर्मीय जोडप्यांच्या बाबतीत या विवाहाचा वारसाहक्कावर व एकत्र कुटुंबातील हिश्शावर परिणाम होतो, म्हणून त्यांनी आधी वकिलाला भेटावे.

कागदपत्रांपेक्षा घरातले बोलणे अवघड असते. सगळ्याच गोष्टींना एका सुरात नकार देण्याऐवजी, आपला विरोध तत्त्वाचा कोठे आहे आणि केवळ आवडीनिवडीचा कोठे आहे, हे दोघांनी आधी आपसांत निश्चित करावे. मुलीचे दान करणे, हुंडा व मानपान घेणे, विधवा आईला किंवा मावशीला मंगलकार्यात मागे बसवणे, या गोष्टींवर तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे. हळदीला चुलत्या-मावश्या जमून गाणी म्हणणार असतील, तर त्यात कोणाचाही अपमान होत नाही. तो आनंद त्यांच्याकडून हिरावून घेण्याचे कारण नाही. लग्नानंतर पालीला किंवा जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला जाण्याचा आणि जागरण-गोंधळाचा प्रश्न हमखास येतो, त्यामुळे त्याचेही उत्तर आधीच द्यावे. वडीलधाऱ्यांना सोबत म्हणून तेथे घेऊन जाणे आणि आपण स्वतः विधीला बसणे यांत फरक आहे, आणि तो शांतपणे सांगितला तर पुष्कळ जणांना पटतो.

नोंदणीनंतर आप्तांसमोर समारंभ हवा असेल तर सत्यशोधक पद्धत आहेच. 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्ने लावली. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. ती म्हणावीत, किंवा दोघांनी आपल्या शब्दांत प्रतिज्ञा लिहावी. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या वापराव्यात, आणि पहिला आशीर्वाद घरातल्या विधवा आजीचा घ्यावा; शंभर भाषणांनी होत नाही ते याने होते.

विरोध धमकीपर्यंत गेला, तर तोंडी तक्रारीवर थांबू नये. पोलीस ठाण्यात आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना स्पष्ट निर्देश दिलेले आहेत. जातपंचायतीने किंवा भावकीने वाळीत टाकले, कार्याला बोलावणे बंद केले किंवा दंड मागितला, तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तो गुन्हा ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. बैठक कोणत्या दिवशी झाली, कोण हजर होते, काय ठरले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना जातपंचायतींच्या प्रकरणांचा अनुभव आहे. त्यांना उशिरा नव्हे, नोटीस देण्यापूर्वीच भेटावे.