सोनटक्का वाकला तर वाकू द्या

श्रावणाच्या झडीत ठाण्या-वाशीकडच्या सोसायट्यांच्या बागेत सोनटक्का हमखास आडवा होतो. माणसाएवढे उंच दांडे, टोकाला कळ्यांचा जड तुरा, त्यात खाडीवरचा वारा. लगेच काठी-सुतळी घेऊन धावू नका. करकचून बांधलेला दांडा वाऱ्यात नेमका सुतळीपाशी मोडतो आणि काठी खुपसताना कंद दुखावतो तो वेगळाच. नुसता वाकलेला दांडा जिवंतच असतो. नीट बघा, त्याचा शेंडा हळूहळू उजेडाकडे वर वळतो आणि संध्याकाळी फुलं नेहमीसारखीच उमलतात, तोच घमघमाट. मला तर काठ्यांना जखडलेल्या ताटव्यापेक्षा हा पसाराच देखणा वाटतो.

पुढे एखादं बुटकं, दणकट झुडूप लावलं की दांडे त्यावर आपसूक टेकतात. पायवाटेवर आलेले तेवढे कापून फुलदाणीत ठेवा. चिखलात लोळणारी पानंही काढा, ती कुजतात. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडापासून छाटला की नव्या कोंबांना जागा मिळते.

दरवर्षी फारच लोळत असेल तर युरिया बंद करा आणि कंद जरा उजेडाच्या जागी हलवा.