पासवर्ड पुसला, पण गेला का?

सी प्रोग्राममध्ये शेवटी मेमसेट (मेमरीत शून्यं भरायला वापरतात ते फंक्शन) लिहिलं की मेमरीतला पासवर्ड गेला, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मग एकदा पासवर्ड तपासून, पुसून झाल्यावर लगेच अबॉर्ट टाकून प्रोग्राम मुद्दाम पाडला आणि कोअर डंपमध्ये (पडताना प्रोग्रामच्या मेमरीची जी फाइल बनते तिच्यात) ग्रेप मारला, म्हणजे पासवर्ड शोधला. डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायला बनवलेल्या) पासवर्डची एक प्रत सापडली, रिलीजमध्ये (लोकांना द्यायच्या, ऑप्टिमाइझ केलेल्या) दोन!

रिलीजमधली जास्तीची प्रत कंपायलरची कृपा. लोकल बफरवर शून्यं भरली, पण नंतर तो बफर कोणी वाचतच नाही. मग ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) ते काम वायफळ समजून गाळतो, आणि सी भाषेच्या नियमांत ते बसतं. म्हणून एक्सप्लिसिट_बीझीरो वापरा, ते कंपायलर गाळत नाही. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) ते २.२५ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी, आणि सी२३ या सीच्या नव्या मानकात मेमसेट_एक्सप्लिसिट.

दुसऱ्या प्रतीने मात्र माझी अख्खी दुपार खाल्ली. मी पासवर्ड एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने वाचत होते. एफगेट्स आधी एसटीडीइनच्या (प्रोग्रामच्या इनपुटच्या) स्वतःच्या बफरमध्ये भरून घेतं, मग आपल्याला देतं. तो बफर आपल्या हातात नसतो. थेट रीड कॉल केला आणि ती प्रत गेली. बफरचा आकार बदलणाऱ्या रीअॅलॉकचंही तसंच: जागा हलली तर जुनी न पुसताच सोडून देतं. त्यामुळे बफर सुरुवातीलाच पुरेसा मोठा घ्या. आणि एरर आली की मधूनच रिटर्न करू नका. सगळ्या वाटा पुसण्याच्या ओळीवरूनच बाहेर पडू देत.

पासवर्ड स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की मेमरी डिस्कवर ठेवतात त्या जागेत) जाऊ नये म्हणून एमलॉकने ती जागा रॅममध्येच अडकवा, त्याची रिटर्न व्हॅल्यू तपासा (मर्यादा संपली की ते नापास होतं). हायबरनेटपुढे त्याचा इलाज नाही, तेव्हा सगळी रॅम डिस्कवर उतरते.

जावात स्ट्रिंगऐवजी कॅर अॅरे घ्या, तरी गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) हलवाहलवीत प्रती मागे ठेवू शकतो. पायथनची स्ट्रिंग तर पुसताच येत नाही, बाइटअॅरे त्यातल्या त्यात बरा. रस्टमध्ये पुसण्यासाठी झीरोआइझ ही लायब्ररी आहे.

तपासणी नेहमी रिलीज बिल्डवरच करा. टेस्टचा पासवर्ड कमांड लाइनवरून देऊ नका, नाहीतर आर्ग्युमेंटमधलीच प्रत सापडेल आणि तुम्ही उगाच कोड उकरत बसाल. एमअॅडव्हाइज या सिस्टिम कॉलने पासवर्डची जागा डंपमधून वगळायची असेल तर हे सगळं झाल्यावर वगळा. आधी वगळलीत तर ग्रेपला काहीच सापडणार नाही, पासवर्ड तिथेच पडलेला असला तरी.