जुन्या येझदीचा बुश लेथवर करून घेताना
म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत तयार झालेल्या येझदी मोटारसायकलचा एखादा लहान बुश (पिनेभोवती बसणारी धातूची नळी) मिळेनासा झाला, तर बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील लेथ कारागिराकडून तो गनमेटलमध्ये (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूत) करून घेता येतो. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र असे घडवू नयेत. झिजलेला बुश नमुना म्हणून देऊ नये, कारण त्यावर झिजेचेच माप मिळते. बाहेरचा व्यास बुश बसण्याच्या भोकावरून आणि आतला व्यास पिनेच्या न झिजलेल्या टोकावरून, शक्यतो मायक्रोमीटरने, घ्यावा. बुश दाबून बसवला की त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून ते आधी थोडे लहान ठेवून बसवल्यानंतरच रीमर (भोक अचूक मापाचे करणारे हत्यार) फिरवावा. घाईत ही पायरी गाळून चांगला बुश वाया गेलेला पाहताना मला फार वाईट वाटते. जुन्या बुशात तेलाची खाच असल्यास ती नव्यातही घ्यावी.