वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोचते?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत माझ्याकडं नवा डिप्लोमावाला पोरगा लागला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला एक वही देतो. त्यात एकच गोष्ट लिहायची: शिफ्टमध्ये काही बिघडलं तर ते बिघडलं किती वाजता आणि तुला कळलं किती वाजता. महिन्यानं त्या दोन वेळांमधलं अंतर बघायचं. अंतर वाढत चाललं असेल तर मशीन तपासण्याआधी आपलं तोंड तपासायचं, आपण माणसांशी काय बोललो ते आठवायचं. ही वही मला कुणी शिकवली नाही. २,४०० बुश, म्हणजे पिन बसवायच्या पोकळ नळ्या, परत आले, त्यातून ती निघाली.

मी लातूरहून डिप्लोमा करून इथं आलो तेव्हा बाविशीत होतो. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधारानं सुटे भाग बनवणारी शेकडो छोटी युनिटं उभी राहिली. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची कोरडवाहू शेतीतली पोरं बजाजनगरात, रांजणगावात खोल्या करून राहायला लागली. मीही त्यातलाच, एका खोलीत चौघं. दोन वर्षांत मी शिफ्ट इनचार्ज झालो. माझ्या हाताखाली पंधरा-वीस वर्षं लेथवर घालवलेली माणसं आली, आणि मला वाटलं, पद मिळालं म्हणजे अक्कलही बरोबर आली.

लाइनवर गेवराईकडचे एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका दुपारी त्यांनी मला मशीनजवळ थांबवलं. हातात भोकाचं माप तपासायचं प्लग गेज होतं.

"साहेब, गो बाजू सैल जायलीय. एकदा क्वालिटीत दाखवून आणा."

मी गेजकडं बघितलंच नाही, कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजच्या अचूकतेच्या तपासणीची, तारीख लिहिलेल्या डबीवरच्या स्टिकरकडं बघितलं. "मामा, कॅलिब्रेशन अजून दोन महिने चालतंय. गेज बरोबर का चूक ते तुम्ही ठरवणार का?" हे मी मोठ्यानं बोललो. आजूबाजूच्या मशीनवरची सात पोरं ऐकत होती, आणि ती ऐकत होती म्हणूनच मी मोठ्यानं बोललो, हे आज मला स्पष्ट दिसतं. मामांनी गेज फडक्यानं पुसलं, डबीत ठेवलं आणि सायकल स्टार्ट दाबलं.

नव्यांसाठी यातलं तांत्रिक थोडं सांगतो. बोअर, म्हणजे नगातलं भोक, तपासायच्या प्लग गेजला दोन टोकं असतात. गो टोक भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. वापरून वापरून गो टोक झिजतं, बारीक होतं, मग मापापेक्षा लहान बोअरमध्येही ते आरामात जातं. दुसरीकडं बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं बदलतं पातं, झिजत जातो तसा बोअरही लहान होत जातो. म्हणजे दोन्ही झीज एकाच दिशेनं चालल्या होत्या आणि गेज प्रत्येक नग पास करत होतं. स्टिकरवर तारीख असते, झीज नसते. गेज दिवसाला किती नगांत जातं यावर ते झिजतं. मामांच्या बोटांना ते कळलं होतं.

आठवड्याभरात ग्राहकाच्या लाइनवर पिन बुशमध्ये जाईना. लाइन थांबली. त्यांच्या गेटच्या आत पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोन रात्री उभं राहून २,४०० नग एकेक करून तपासले. नुकसान आमच्या नावावर टाकणारी डेबिट नोट आली ती वेगळीच.

तरी खरी चूक मी त्यानंतर केली. ग्राहकाला उत्तर द्यायचं होतं, पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण लिहायचं होतं. मी लिहिलं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. ज्या माणसानं मला आधी सांगितलं होतं त्याच्याच नावावर मी ते ढकललं. क्वालिटीच्या मॅडमनी कागद वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "तुमचे चारच 'का' झालेत. पाचवा तुमच्यापाशी येऊन थांबतोय, म्हणून तुम्ही तो विचारला नाही." मला तोंड वर करता आलं नाही. तो कागद मी फाडला आणि रात्री घरी बसून पुन्हा लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच मशीनपाशी, तीच सात पोरं असताना, मी मामांची माफी मागितली. चारचौघांत अपमान करून केबिनमध्ये बोलावून माफी मागणं म्हणजे कर्ज रोखीनं घेऊन फेडताना नाणी मोजण्यासारखं आहे. मामा एवढंच म्हणाले, "जाऊ द्या साहेब. पर मी बोललो तर ऐकत जावा." त्यांनी पुढं कधी तो विषय काढला नाही.

पोरांचं मात्र तसं झालं नाही. ज्याचा अपमान झाला त्यानं माफ केलं, पण ज्यांनी तो बघितला ते धडा घेऊन बसले होते: या साहेबाला काही सांगायला जाऊ नये. मशीनमधून वेगळा आवाज आला तरी ते गप्प राहत. इन्सर्ट तुटला तर गुपचूप बदलत. ते पुन्हा आपणहून बोलायला लागायला सहा-सात महिने गेले. नव्या पोरांनो, अहंकार नुकसान करतो हे सगळेच सांगतात, पण कसं करतो ते इथं आहे. तो तुमचे कान बंद करत नाही, समोरच्याचं तोंड बंद करतो. तुम्हाला वाटतं, सगळं सुरळीत चाललंय.

त्या मॅडमबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण वजन कशाला म्हणतात ते मी त्यांच्याकडं बघून शिकलो. त्यांच्या हाताखाली फक्त दोन इन्स्पेक्टर. पण त्यांनी लॉटला लाल टॅग लावला की डिस्पॅचची गाडी उभी राहायची, मालकांचा फोन आला तरी. त्या कधी आवाज चढवत नसत. नग आणि गेज हातात घेऊन मालकांच्या टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुम्हीच घालून बघा." आणि स्वतः चुकल्या तर जेवणाच्या सुट्टीआधी येऊन सांगायच्या, "सकाळचा लॉट मी उगाच अडवला, सोडून द्या." त्यांचा 'नाही' सगळे मानायचे, कारण त्यांचं 'चुकलं' सगळ्यांनी ऐकलेलं होतं. नमतं घेणं आणि नम्र असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वरून दाब आला म्हणून खराब माल सोडणारा सुपरवायझर नम्र नसतो, तो फक्त घाबरलेला असतो.

दुसऱ्याच्या शिवारात हुकूम चालत नाही, हे आपल्याकडं जालन्यानं फार आधी ओळखलं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथं महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं शेतकऱ्याच्या रानात पिकतं. शेजारच्या वाणापासून ठरावीक अंतर राखायचं, भेसळीची झाडं वेळेवर उपटायची, हे सगळं शेतकऱ्याच्या हातात असतं आणि तो काही कंपनीचा नोकर नसतो. झाड उपटायचं का ठेवायचं, हे उन्हात एकटा उभा असताना तो ठरवतो. तिथं फक्त विश्वास उपयोगी पडतो. कारखान्यात हजेरीपत्रक असतं म्हणून आपल्याला भ्रम होतो, पण रात्री तीन वाजता मशीनवरचा माणूसही तसाच एकटा असतो.

विश्वास कमवायचा म्हणजे काय करायचं, असं पोरं विचारतात. माझं उत्तर फार साधं आहे: कॅलेंडर बघा. मृगाचा पाऊस पडला की अर्ध्या लाइनच्या डोक्यात पेरणी असते. पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना गावी जावंच लागतं. सोयाबीन काढणीला आलं असताना पावसाची लक्षणं दिसली तर माणूस इथं उभा असतो, मन रानात असतं. बीडकडच्या पोरांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात आणि धाकट्या भावंडांची सोय या पोरानं लावायची असते. हे सगळं दरवर्षी ठरलेलं असतं. पंधरा दिवस आधी बसून कोण कधी जाणार ते ठरवलं तर कुणाला खोटी आजारपणं सांगावी लागत नाहीत. ज्याला तुमच्याशी रजेसाठी खोटं बोलावं लागत नाही, तो रिजेक्शनबद्दलही खोटं बोलत नाही.

मालकांच्या अहंकाराशी गाठ पडेल तेव्हा चिडू नका. इथले बरेच मालक पहिल्या पिढीचे, कर्ज काढून एका लेथवर सुरुवात केलेले. मीटिंगमध्ये त्यांचं म्हणणं खोडलं की त्यांना वाटतं, तुम्ही त्यांची वीस वर्षं खोडली. मी एकदा नव्या मशीनच्या खरेदीवरून असंच भांडलो आणि हरलो. नंतर त्यांना जुन्या मशीनपाशी नेऊन स्टॉपवॉच हातात दिलं. निम्मा वेळ नग बसवण्यात-काढण्यात जात होता. नग पकडून ठेवणारं फिक्स्चर बदला, हे मग त्यांनीच सांगितलं. श्रेय त्यांचं झालं. मला आधी जरा लागलं, मग लक्षात आलं की काम झालंय.

लागतं, हे खरंच आहे. तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या भक्ताला भर मंडळीत कच्चं म्हटलं गेलं, मनाला लागलं, आणि तरी ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं शिकायला गेले. मॅडमनी कागद परत ठेवला त्या रात्री मला हीच गोष्ट आठवत होती.

मामा चार वर्षांपूर्वी गावी गेले. पोळ्याला फोन येतो.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन वाजला. हिंगोलीकडचा पोरगा, लागून तीन आठवडे झालेले. आवाज कापत होता. "सर, माझ्याकडून हत्याराच्या मापाचा ऑफसेट उलटा पडला. मी थांबवलंय मशीन. ११ नग गेले."

मी विचारलं, कधी झालं?

"आत्ताच सर. दहा मिनिटं झाली."

मी त्याला नगांवर लाल टॅग लावायला सांगितलं, आणि आधी चहा घे म्हटलं.